तार एक, नाद अनेक : मिरजेच्या जवारीपासून गिटारच्या पिकअपपर्यंत

मराठीत तंबोरा म्हणा, कन्नडमध्ये तंबूरी म्हणा. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या मुलखात वाद्याला भाषेचा उंबरठा आडवा येत नाही. अलीकडे कोळारच्या बाजूला भजनी मंडळांतील मुले तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पिकअप चिकटवू लागली आहेत आणि लगेच विचारतात, "सर, आवाज मोठा झाला, पण झणकार कुठे गेला?" प्रश्न भौतिकशास्त्राचा खरा, पण त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत शस्त्रांचा धंदा बसला, तेव्हा शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंबोरे घडवायला घेतले. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, हात मिरजेचा. पुढे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निधन होईपर्यंत याच गावाशी जोडलेले राहिले. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य गदगचे भीमसेन. कानडी गळे आणि मिरजेचे तंबोरे असे हे गोत्र आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

या कारागिराचे खरे कसब घोडीवर दिसते. घोडीचा माथा किंचित उतरता घासायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, हीच जवारी. कंप पावणारी तार त्या उतारावर पुनःपुन्हा टेकते आणि त्यातून उपस्वर फुटतात. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू येतो, ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय नियम होता. तंबोऱ्यात मात्र ते खणखणीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. कारागिराला हे कानाने ठाऊक होतेच!

रामन यांच्या निबंधानंतर दहाच वर्षांनी, १९३१-३२ मध्ये, अमेरिकेत बोशाँ आणि रिकनबॅकर यांनी हवाईयन गिटारला लोहचुंबक व तारेचे वेटोळे जोडले. पोलादी तार चुंबकापुढे थरथरली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हाच पिकअप. जवारी नाद घडवते, पिकअप तो वेचतो. पण वेचणाराही निवड करतोच. घोडीजवळ बसवला तर तिथे मूळ स्वराची हालचाल थोडी, म्हणून आवाज धारदार निघतो. मानेजवळ बसवला तर गोल, भरदार. ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू नेमका पिकअपवर येतो, तो गळतो. वेढे सात-आठ हजारांच्या घरात असतात; ते वाढवले तर जोर वाढतो, मात्र वरची चमक मंदावते. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर तीन जागी तीन पिकअप दिले ते याच कारणाने.

एकेरी वेटोळ्याला मात्र विजेच्या तारांची घरघरही ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन वेटोळी उलट दिशेने जोडून ती घरघर परस्परांत जिरवली. त्याची किंमत म्हणून थोडी चमक गेली, गोलाई आली. लखनौच्या व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांतून हा आवाज आपल्याकडे घरोघरी पोचला.

आता आमच्या मुलांचा तंबोरा. त्याच्या जोडीच्या तारा पोलादी, पण खर्जाची तार पितळी. गिटारचा चुंबकी पिकअप लावला तर खर्जापुढे तो जवळजवळ बहिरा ठरतो! म्हणून ते चिकटपट्टीचा, कंप टिपणारा पिकअप लावतात. तो फक्त चिकटवलेल्या जागेचा कंप घेतो, त्यात बोटांची खसखसही येते. घोडीवरचा झणकार आणि भोपळ्याने हवेत सोडलेला नाद यांचे मिश्रण त्याला सापडत नाही. माझे मत विचाराल तर तंबोऱ्यासमोर वीतभर अंतरावर साधा ध्वनिग्राहक ठेवावा. आणि त्याआधी दोरा केसभर मागेपुढे करून जवारी लावून घ्यावी. ती लागली नसेल, तर ध्वनिवर्धकवाला कितीही बटणे फिरवो, झणकार येणार नाही.