खंजिरी ते खराटा

जुलै 1936. वर्ध्याहून सेगावच्या वाटेला लागलात की काळी माती पायाला धरून बसते. थांबून काडीने खरवडावी लागते. या गावाला सेवाग्राम म्हणायला अजून चार वर्षं आहेत. गांधीजी राहतात त्या आदी निवासाच्या मातीच्या भिंतींना महिनाच झालाय. गांधीजींनी बोलावून घेतलेला सत्तावीस वर्षांचा एक भजनी इथे महिनाभर मुक्कामाला आहे: यावलीचा माणिक, लोकांचे तुकडोजी महाराज. रचना त्यांची, गळा त्यांचा, खंजिरीचा ठेकाही त्यांचाच. थाप पडते आणि तुमची मान डोलू लागते.

पुढचं पाऊल पडतं ते ‘छोडो भारत’च्या दिवसांत, 16 ऑगस्ट 1942ला, वर्ध्याकडच्या आष्टीत. पोलीस ठाण्यासमोर जमाव, गोळीबार, पळापळ. त्याच दिवशी तिकडे चिमूरही पेटलंय. महाराजांची भजनं या मुलखात घरोघरी पाठ आहेत, हे सरकारला ठाऊक आहे. महिना संपायच्या आत त्यांना अटक होते. आधी नागपूरचा तुरुंग, मग रायपूरचा.

आता 1956चा हिवाळा. कापूस वेचून आलेल्या बाया देवळापुढच्या सतरंजीवर टेकल्यात. "सरक ना बाप्पा जरा," म्हणत एक आजी तुमच्या शेजारी बसते. कंदिलाजवळ महाराजांच्या सेवामंडळाचा पोरगा त्यांची नवीकोरी ग्रामगीता उघडतो: 41 अध्याय, 4675 ओव्या. तुरुंग पाहून आलेला, सेहेचाळिशीचा कवी आता स्वतःची कहाणी सांगेल म्हणून तुम्ही कान टवकारता. पण पोथी अर्पण केलीय ग्रामदेवतेला आणि आत आहे ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गरिबी-श्रीमंती. या माणसाने आत डोकावून पाहिलं, तेव्हा त्याला गाव दिसलं. जमावाला उठवणारा ठेका आता ओवीच्या संथ चालीत आलाय. तो एकेकाला उठवून विचारतो, तुझ्या दारापुढचं काय?

पोरगा ग्रामशुद्धीवर येतो. मागून कुणीतरी पुटपुटतं, "हे तं आपल्याच गावाचं लिव्हलं हाये!" हशा होतो. रस्त्यावर उकिरडा सरकवणारा तेवढा हसत नाही. वाचन थांबतं आणि सकाळच्या सफाईची नावं घेतली जाऊ लागतात. आजी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळते.

"तुमी कोनाकडचे पाव्हने? राह्यलेच हा, तं सकायी खराटा घेऊन या."