व्हिडिओ रूपांतर : हँडब्रेक आणि एफएफएमपेग
व्हिडिओ फाइलचे स्वरूप बदलण्यासाठी ही दोन मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरली जातात. २००३ मध्ये सुरू झालेल्या हँडब्रेकचा इंटरफेस सुटसुटीत आहे. फाइल उघडून यादीतील तयार प्रीसेट निवडला की काम सुरू होते. २००० मधील एफएफएमपेगला बटणे नाहीत. ते आज्ञा टाइप करूनच चालवावे लागते.

हँडब्रेक चित्र प्रत्येक वेळी नव्याने कॉम्प्रेस करते. त्यामुळे प्रोसेसरवर मोठा ताण येतो, शिवाय दर्जाही थोडा घटतो. एमकेव्ही फाइलमधील चित्रण एमपी-फोरला चालणारे असेल, तर एफएफएमपेग ते जसेच्या तसे नव्या फाइलमध्ये ठेवू शकते. त्यासाठी जुना संगणकही पुरतो. गमावलेला दर्जा मात्र परत मिळत नाही. म्हणून रूपांतरानंतरही मूळ फाइल जपून ठेवणे श्रेयस्कर ठरते.