अकरा अक्षरांचं कूळ

रत्नाकर बँक १९४३ साली कोल्हापुरात निघाली. पुढे तिचा पसारा वाढला आणि २०१४ मध्ये तिनं अधिकृत नावही आटोपशीर करून घेतलं: आरबीएल. पण तिच्या कुठल्याही शाखेचा आयएफएससी कोड पाहा, पहिली चार अक्षरं आजही आर-ए-टी-एन. यूटीआय बँकेची २००७ मध्ये ॲक्सिस झाली, कोड मात्र यू-टी-आय-बी वरच थांबला. सोयरीक जुळवताना आडनावापेक्षा मूळ गाव विचारावं, तसं या कोडाला विचारलं की बँकेचं मूळ सापडतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजमध्ये हा कोड कुणालाच नवा नाही. उसाचं बिल, संकेश्वरी मिरचीच्या सौद्याचे पैसे, मुंबई-पुण्यातल्या पोरांनी घरी धाडलेली रक्कम, सगळ्या अर्जांवर त्याच्यासाठी अकरा चौकटी आखलेल्या असतात. कोड बरोबर असला की पैसे सुरक्षित, असा एक समजही रूढ आहे. मला तो अर्धवट वाटतो. कोड सांगतो तो पैशाचा पत्ता. पत्त्यावर नेमकं कोण राहतं याची खातरजमा वेगळी, आणि त्या खातरजमेची वाट जुनी आहे.

हुंडीपासून सुरुवात करू. गूळ-मिरचीचा व्यापारी परमुलखात रोकड घेऊन हिंडत नसे, हुंडी नेई. तिच्या मजकुरात रक्कम तीनदा यायची: आकड्यात, अक्षरात आणि ‘निम्मे इतके, त्याची दुप्पट’ अशी. शंभराचे हजार करू पाहणाऱ्याला मग पन्नासाचेही पाचशे करावे लागत, आणि एवढी खाडाखोड पेढीवरच्या मुनिमाच्या नजरेतून सुटत नसे. हुंडी गहाळ झाली तर पेठ म्हणजे दुसरी प्रत, तीही गेली तर परपेठ म्हणजे तिसरी. शहाजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या सावकाराच्याच हाती पडत, म्हणजे तिची राखण माणसाच्या ओळखीवर होती. कागद कितीही चोख असो, तो घेऊन आलेला माणूस कुणाच्या तरी माहितीचा असावा लागे.

मनीऑर्डर आली १८८० मध्ये, आणि या तालुक्यानं ती फार जवळून पाहिली. गडहिंग्लज, आजरा, चंदगडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत राबत आणि घर मनीऑर्डरीवर चाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा त्याची झळ इथल्या चुलींपर्यंत आली ती पोस्टमनच्या रिकाम्या झोळीतून. मनीऑर्डरीच्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींच्या मजकुराला जागा असे, म्हणून पैसा आणि खुशाली एकाच कागदावरून येत. घरातली म्हातारी सही करणारी नसली तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. पोस्टमन तिला चेहऱ्यानं ओळखायचा. पारंपरिक मनीऑर्डर १ एप्रिल २०१५ पासून बंद झाली.

बँकांचा मार्ग निराळा होता. ड्राफ्ट काढून तो टपालानं पाठवायचा, किंवा घाई असेल तर तारेनं पैसे पाठवायचे, ज्याला बँकेत टीटी म्हणत. शाखाक्रमांक पैशाच्या राखणीला बसवला तो इथे. तार कुणीही करू शके. ‘अमक्याला दहा हजार द्या’ ही तार खरंच बँकेकडून आली कशावरून? म्हणून तारेत एक गुप्त आकडा घालत. पाठवणाऱ्या शाखेचा क्रमांक, तारीख, रक्कम अशा गोष्टींसाठी ठरलेले आकडे एका गोपनीय पुस्तकात असत, त्यांची बेरीज मारून तो काढायचा. हे पुस्तक मॅनेजरच्या ताब्यात, कुलपात. पलीकडची शाखा तीच बेरीज आपल्या पुस्तकावरून करून पाही. जुळली तर पैसे, नाही जुळली तर खुलाशाची तार. गुणाकार-भागाकार नाही, साधी बेरीज, पण तिच्यावर कित्येक लाखांची उलाढाल चाले.

त्यातला गुप्त भाग काळाबरोबर गेला, शाखांना क्रमांक देण्याची शिस्त मात्र टिकली. स्टेट बँकेच्या आयएफएससीमधले शेवटचे पाच आकडे म्हणजे त्या शाखेचा स्वतःचा क्रमांकच. कोल्हापूर जिल्ह्याची अग्रणी बँक असलेल्या बँक ऑफ इंडियात खातेक्रमांकाचे पहिले चार आकडे शाखेचे, आणि तेच चार तिच्या कोडाच्या शेपटीला.

कोडाचं आजोळ मात्र बँकेत नाही, पोस्टात आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे पंडित कवी. एकाच नावाची अनेक गावं, प्रत्येक भाषेत निराळं लिहिलेले पत्ते, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला. गडहिंग्लजच्या वाट्याला ४१६५०२ आला. पुढे १९८० च्या दशकात धनादेश यंत्रानं वाचायची वेळ आली. दामले समितीनं चुंबकीय शाईची शिफारस केली, आणि धनादेशाच्या तळाशी नऊ आकडी एमआयसीआर कोड आला: तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. शहराचे तीन आकडे पिनकोडवरून घेतलेले. म्हणून कोल्हापूरच्या धनादेशावर ४१६ दिसतो. एका संस्कृत पंडितानं टपालासाठी केलेली विभागणी अशी बँकेच्या यंत्रात शिरली.

पण एमआयसीआर कागदाचा कोड. कागदाशिवाय पैसा हलवायचा तर कायदा हवा होता, त्याचा विचार १९९५ मध्ये शेरे समितीनं केला. मग रिझर्व्ह बँकेनं इलेक्ट्रॉनिक हस्तांतरण सुरू केलं, तेही तिची कचेरी असलेल्या मोजक्या शहरांपुरतं. गडहिंग्लजचा त्यात नंबर नव्हता. हैदराबादच्या आयडीआरबीटी संस्थेच्या पुढाकारानं १९९९ मध्ये बँकांसाठी इन्फिनेट हे खास जाळं उभं राहिलं आणि डिसेंबर २००१ मध्ये त्यावर संदेशांची प्रणाली, एसएफएमएस. परदेशी व्यवहारांतल्या स्विफ्टच्या धर्तीवरची ही प्रणाली. या संदेशांना प्रत्येक शाखेचा ठाम पत्ता लागला, तो आयएफएससी. चार अक्षरं बँकेची, सहा जागा शाखेच्या, आणि मधे पाचव्या जागी शून्य, पुढे कधी गरज पडली तर राखून ठेवलेलं. लोक त्या जागी हमखास इंग्रजी ओ लिहितात. मोठ्या रकमांची आरटीजीएस २६ मार्च २००४ ला आली, सर्वसामान्यांची एनईएफटी नोव्हेंबर २००५ मध्ये. शाखा जाळ्यात असली की पुरे, शहर कोणतं याला महत्त्व उरलं नाही, आणि तालुक्याची गावं एकदम मुंबईच्या बरोबरीला आली.

सहकाराच्या मुलखात मात्र एक गाठ होती. पतसंस्था बँक नसल्यानं तिला स्वतःचा कोड मिळत नाही. छोट्या सहकारी बँका एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसदस्य होऊन जाळ्यात येतात. मग पासबुक एका बँकेचं आणि कोडाची पहिली चार अक्षरं दुसरीचीच. अर्ज भरणारा बुचकळ्यात पडला तर दोष त्याचा नाही.

विलीनीकरणांनी आणखी गोंधळ घातला. सिंडिकेट १ एप्रिल २०२० ला कॅनरात गेली आणि तिचे एस-वाय-एन-बी कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. नवा कोड करताना पहिली चार अक्षरं कॅनराची घेतली आणि जुन्या शाखाक्रमांकात दहा हजार मिळवले, एवढंच. बेरीज इथेही कामाला आली.

आता सुरक्षिततेचं. अमेरिकेतल्या बँकांच्या नऊ आकडी क्रमांकात शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. बाकीच्या आठांवरून तो गणितानं निघतो, म्हणून एक आकडा चुकला तर यंत्र लगेच नाकारतं. आयएफएससीत असं काही नाही, हुंडीच्या ‘निम्मे’ इतकंही नाही. चुकीचा कोड अस्तित्वातच नसेल तर अडतो. दुसऱ्या एखाद्या शाखेचा निघाला तर कोडापुरती हरकत कुणी घेत नाही. वर रिझर्व्ह बँकेनं १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकानं बँकांना मुभा दिली की पैसे केवळ खातेक्रमांकावरून जमा केले तरी चालतील. अर्जावर नाव लिहायचं, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. म्हणून जाणती माणसं आधी एक रुपया पाठवत, फोन करून तो पोचल्याची खात्री करत आणि मग उरलेले. खात्यात जमाच होऊ शकली नाही तर एनईएफटीची रक्कम दोन तासांत परत यावी असा नियम आहे, पण ती भलत्याच्या खात्यात सुखरूप जमा झाली तर हा नियम काय कामाचा?

यूपीआयनं कोड नजरेआड केला. क्यूआर दाखवला की झालं. तरी यूपीआयमध्ये थेट खात्यावर पैसे धाडायचे तर पत्ता खातेक्रमांक आणि आयएफएससी जोडूनच बनतो. आणि तिथे पैसे देण्याआधी समोरच्याचं नाव दिसायचं, जे एनईएफटीत दिसत नव्हतं. ही उणीव भरून काढायला रिझर्व्ह बँकेनं ३० डिसेंबर २०२४ ला बँकांना सांगितलं: १ एप्रिल २०२५ पर्यंत एनईएफटी-आरटीजीएसमध्येही लाभार्थीचं नाव आधी दाखवा. खातेक्रमांक आणि आयएफएससी भरला की बँकेच्या दप्तरी असलेलं नाव समोर येतं, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि शाखेत येऊन अर्ज देणाऱ्यालाही ते दाखवायचं आहे. जुळणी मात्र बँक करत नाही, ती पाठवणाऱ्यानंच करायची. दप्तरातलं नाव इंग्रजीत, कधी आधी आडनाव, कधी वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. तेव्हा पडद्यावर आलेलं नाव आपल्याच माणसाचं का, हे ओळखायला पाठवणाऱ्याला त्याचं पूर्ण नाव ठाऊक असावं लागतं, आणि ज्याला आपण वर्षानुवर्षं नुसतं अण्णा म्हणत आलो त्याला पैसे पाठवताना आधी एक फोन करावाच लागतो.