बंद गावातले खांब : हॅरिमन यांची अलास्का सफर

उन्हाळ्याचे तीन-चार महिने अलास्काच्या किनाऱ्याला प्रवासी बोटींची रीघ लागते. जगभरच्या क्रूझ बोटींवर आपले गोव्याचे तारवटी आहेतच. कुणी गॅलीत, कुणी केबिनी सांभाळायला. त्यातले काहीजण त्या बाजूलाही जाऊन येतात. मोठ्या बोटींबरोबर अलीकडे छोट्या बोटींच्या 'एक्स्पिडिशन क्रूझ' निघतात. बोटीवर दोन-चार शास्त्रज्ञ, संध्याकाळी व्याख्यान, सकाळी रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरायचे, हिमनदीचा कडा समुद्रात कोसळताना पाहायचा आणि रात्री गरम जेवायला परत बोटीवर यायचे. शिकल्यासारखेही होते आणि मजाही होते.

हा प्रकार नवा नाही. त्याचा जवळजवळ तंतोतंत नमुना १८९९ साली त्याच किनाऱ्यावर घडून गेला, आणि त्याचा हिशेब मिटायला पुढे १०२ वर्षे लागली. त्या सफरीची ही हकीकत.

एडवर्ड हॅरिमन हे अमेरिकेतले रेल्वेसम्राट. युनियन पॅसिफिक ही दिवाळ्यात निघालेली रेल्वे हाती घेऊन त्यांनी ती पुन्हा उभी केली होती. वय ५१. कामाने थकलेले. डॉक्टरांनी सांगितले, सुट्टी घ्या. दुसरा कुणी असता तर एखाद्या समुद्रकाठच्या हॉटेलात जाऊन पडला असता. हॅरिमन यांना कोडियाक बेटावरचे प्रचंड अस्वल मारायचे होते. कुटुंब घेऊन अलास्काला जायचे ठरले. मग त्यांच्या मनात आले की एवढी बोट भाड्याने घ्यायची तर रिकामी का न्यायची? मार्च १८९९ मध्ये ते वॉशिंग्टनला सी. हार्ट मेरियम या सरकारी प्राणिशास्त्रज्ञाच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, तुम्ही शास्त्रज्ञ निवडा, खर्च सगळा माझा. मेरियम यांनी हॅरिमन हे नाव ऐकलेही नव्हते. त्यांनी आधी हा गृहस्थ खरोखरच एवढा श्रीमंत आहे का याची चौकशी केली, आणि मग कामाला लागले.

दोन महिन्यांत माणसे जमली. हिमनद्यांचे जाणकार ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट, तीस वर्षांहून अधिक काळ अलास्का ओळखणारे विल्यम डॉल, पक्ष्यांची चित्रे काढणारे लुई अगासिझ फ्युर्टेस, शिकार आणि निसर्ग या विषयांवरच्या साप्ताहिकाचे संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल. निसर्गलेखनातले दोन म्हातारे जॉनही होते : जॉन म्यूअर आणि जॉन बरोज. छायाचित्रकार म्हणून सिअॅटलचा एक तरुण घेतला, एडवर्ड कर्टिस. त्याची निवड कशी झाली तेही मजेदार आहे. आदल्या वर्षी रेनियर पर्वतावर वाट चुकलेल्या काही प्रौढ गृहस्थांना त्याने आपल्या तंबूत आणून गरम केले होते. त्यांत मेरियम आणि ग्रिनेल होते.

३१ मे १८९९ रोजी 'जॉर्ज डब्ल्यू. एल्डर' ही आगबोट सिअॅटलहून सुटली. खलाशी धरून १२६ माणसे. बोटीवर अलास्काविषयीची पाचशेहून अधिक पुस्तके, पियानो, ग्राफोफोन, व्याख्यानाची खोली, मेलेल्या पशुपक्ष्यांत भुसा भरायची खोली. खाण्यासाठी जिवंत बैल, मेंढ्या, कोंबड्या, दुधासाठी गाय. शॅम्पेन आणि सिगार वेगळे. बोट इतकी हलायची की मंडळींनी तिचे नाव 'जॉर्ज डब्ल्यू. रोलर' ठेवले. डेकवर हॅरिमन यांचा सात वर्षांचा मुलगा अॅव्हरेल धावत असे. हाच पुढे मॉस्कोत अमेरिकेचा राजदूत आणि नंतर न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला.

प्रवाशांना घेऊन हिमनद्या दाखवायला जाण्याचा धंदा तेव्हा त्या किनाऱ्यावर रुळलेला होता, हे इथे सांगायला हवे. ग्लेशियर बे या आखातात १८८३ पासून प्रवासी बोटी जात होत्या. एलायझा सिडमोर या बाईंनी १८८५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. म्हणजे हॅरिमन यांची मंडळी कोऱ्या किनाऱ्यावर गेली नव्हती. पण एक श्रीमंत यजमान, त्याचे कुटुंब आणि एवढी विद्वान मंडळी एका बोटीत, हे त्याआधी कुणी पाहिले नव्हते.

ग्लेशियर बेमध्ये म्यूअर घरच्यासारखे होते. १८७९ मध्ये ते पहिल्यांदा इथे आले, तेही गोऱ्यांच्या नकाशांनी नव्हे तर त्लिंगित लोकांच्या होडीने आणि त्यांच्या वाटाडेपणाने. इथल्या सर्वात प्रसिद्ध हिमनदीला त्यांचेच नाव मिळाले होते. त्यांनी मागे कधीतरी पलीकडच्या दरीत लांडग्यांचे ओरडणे ऐकले होते आणि तिला 'हाउलिंग व्हॅली' नाव दिले होते. तिथे शिकार भरपूर मिळेल या आशेने हॅरिमन, मेरियम, ग्रिनेल वगैरे मंडळी बर्फातून मैलोगणती चालत गेली. शिकार काही मिळाली नाही. मेरियम गुडघे दुखवून परत आले.

हॅरिमन आणि म्यूअर यांची जोडी मला या सगळ्या हकीकतीत फार आवडते. बोटीवर कुणीतरी हॅरिमन यांच्या संपत्तीचे गोडवे गात होते, तेव्हा म्यूअर म्हणाले की हॅरिमनपेक्षा मीच श्रीमंत आहे, कारण मला हवे तेवढे माझ्यापाशी आहे आणि त्यांच्यापाशी नाही. हे बोलणे हॅरिमन यांच्या कानावर गेले. ते रागावले नाहीत. दोघांची मैत्री जन्मभर टिकली. १९०५ मध्ये योसेमिटी दरी कॅलिफोर्निया राज्याकडून केंद्राकडे जावी यासाठी म्यूअर झगडत होते तेव्हा हॅरिमन यांनी आपल्या रेल्वेचे वजन त्यांच्या पारड्यात टाकले. म्यूअर आपल्या आठवणी लिहायला टाळाटाळ करतात म्हणून त्यांना आपल्या सरोवरकाठच्या बंगल्यावर नेले आणि एक लघुलेखक मागे लावून दिला. असा धनिक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

जूनच्या अखेरीस बोट प्रिन्स विल्यम साउंडमध्ये शिरली. नकाशात एका ठिकाणी बॅरी हिमनदीने वाट अडवलेली दाखवली होती. जवळ गेल्यावर बर्फ आणि डोंगर यांच्यामध्ये पाण्याची एक चिंचोळी पट्टी दिसली. वाटाड्या पुढे जायला तयार होईना. हॅरिमन म्हणाले, जोखीम माझी, बोट पुढे घ्या. बोट आत शिरली आणि समोर डोंगरांनी वेढलेली, हिमनद्या उतरत असलेली सुमारे १२ मैलांची खाडी उघडली. तिला हॅरिमन फियर्ड नाव पडले. शेजारच्या खाडीतल्या हिमनद्यांना हार्वर्ड, येल, स्मिथ, व्हॅसर अशी कॉलेजांची नावे दिली गेली. त्या भागात चुगाच लोक कित्येक पिढ्या राहत, फिरत, सील मारत आले होते. बारशाला त्यांना कुणी बोलावले नाही.

(ही बोट पुढे घेणारा कप्तान पीटर डोरन. १९०७ मध्ये तो 'कोलंबिया' या बोटीचा कप्तान असताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत धुक्यात टक्कर झाली आणि तो बोटीबरोबर बुडाला. वाचलेल्या माणसांना उचलायला आली ती त्याचीच जुनी 'एल्डर'.)

कोडियाकला हॅरिमन यांना अस्वल मिळाले. मादी होती आणि तिच्याबरोबर पिल्लू. दोन्ही मारली. म्यूअर यांनी आपल्या रोजनिशीत त्याची नोंद आई आणि लेकरू अशी केली आहे. पुढे उनालास्काला बरोज यांना घरची ओढ इतकी लागली की ते गुपचूप बॅग घेऊन बोटीवरून उतरले. बेरिंग समुद्रात जाण्यापेक्षा गावातल्या एका बाईच्या घरी राहून पक्ष्यांची गाणी ऐकावी असा बेत. वाटेत म्यूअर आणि कवी कीलर भेटले आणि त्यांनी त्यांना समजावून परत आणले. प्रिबिलोफ बेटे सोडल्यावर धुक्यात बोट खडकाला घासली, तरी हॅरिमन मागे फिरले नाहीत. हॅरिमनबाईंना सायबेरिया पाहायचा होता. सायबेरियाच्या किनाऱ्यावर पाय लावून, पोर्ट क्लॅरेन्सला व्हेलच्या शिकारी बोटी पाहून मंडळी दक्षिणेकडे वळली.

एवढ्यावर सफर संपली असती तर ती एक गोड आठवण राहिली असती. पण २६ जुलै रोजी, सिअॅटल चार दिवसांवर असताना, बोट केप फॉक्स येथे थांबली. कॅनडाच्या सरहद्दीजवळचे हे सान्या क्वान त्लिंगित लोकांचे गाव. किनाऱ्याला एका रांगेत मोठी लाकडी घरे, त्यांच्यासमोर कोरलेले उंच खांब. माणूस एकही नाही. घरांत पेटारे, मुखवटे, विणलेल्या चादरी तशाच होत्या.

हे खांब नुसती शोभा नव्हते. लाल सीडरच्या एकाच बुंध्यातून कोरलेल्या अशा खांबावर कुळाची चिन्हे असतात : अस्वल, गरुड, कावळा. कोणाचे पूर्वज कोण, कोणती कथा कोणत्या कुळाच्या मालकीची, कोणाच्या स्मरणार्थ मेजवानी झाली, हे त्यावरून वाचता येते. काही खांब मृतांचे. आणि मालकी एकट्यादुकट्याची नसते, सबंध कुळाची असते. आपल्याकडे कोमुनिदादची जमीन कुणा एका गावकाराला विकता येत नाही, तसेच काहीसे.

बोटीवरच्या मंडळींनी गाव सोडून दिलेले आहे असे मानले. खलाशांना लावून खांब खणून काढले, करवतीने कापले, तराफ्यासारखे ओढत बोटीवर चढवले. घरांतल्या वस्तूही गेल्या. हॅरिमन यांनी थडग्यावरची अस्वलांची दोन शिल्पे स्वतःसाठी घेतली. बोटीवर इतकी विद्वान माणसे होती, त्यांतल्या फार थोड्यांना यात काही वावगे वाटले. म्यूअर यांना हा प्रकार आवडला नाही. काम आटोपल्यावर मंडळी खांबांपुढे बसली आणि कर्टिसने सर्वांचा फोटो काढला.

आता गाव सोडले होते का? सान्या क्वान लोक १८९०च्या दशकात तिथून उठले ही गोष्ट खरी. मिशनरींच्या शाळेसाठी आणि चर्चसाठी ते केचिकनजवळ नव्याने वसलेल्या सॅक्समन या गावी गेले. पण गेले कुठे, तर त्याच किनाऱ्यावर, होडीने जाता येईल इतक्या अंतरावर. बोट केचिकनला नेऊन कुणी विचारले असते तर मालक भेटले असते. आमच्या सरकारी कचेरीत एखाद्या पडक्या घरावरसुद्धा 'बेवारस' असा शेरा मारायचा तर आधी नोटीस काढावी लागते, ती दारावर चिकटवावी लागते, शेजाऱ्यांची जबानी घ्यावी लागते. या कारकुनी कटकटीला लोक नावे ठेवतात. केप फॉक्सला ती कटकट करणारा कुणी नव्हता. 'कोणी दिसत नाही' आणि 'कोणाचे नाही' यांतला फरक एका दुपारी पुसला गेला.

खांब वाटले गेले. हार्वर्डचे पीबडी संग्रहालय, शिकागोचे फील्ड संग्रहालय, कॉर्नेल विद्यापीठ, सिअॅटल, अशा ठिकाणी ते उभे राहिले. हॅरिमन यांनी सफरीचे निष्कर्ष छापण्याचा खर्चही उचलला. जाडजूड खंड निघाले. शास्त्राला ठाऊक नसलेल्या सुमारे ६०० जातींचे वर्णन त्यांत आले. गिल्बर्ट यांचा हिमनद्यांवरचा खंड तर आजही अभ्यासक उघडतात, कारण १८९९ मध्ये बर्फ नेमका कुठपर्यंत होता हे त्यात नोंदलेले आहे. म्यूअर हिमनदी आता समुद्रापर्यंत पोचतच नाही. बॅरी हिमनदी इतकी मागे हटली आहे की तिच्या आधाराने उभा असलेला डोंगराचा उतार सैल झाला. तो कोसळला तर खाडीत त्सुनामी उठेल असा इशारा शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दिला. सफरीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तिने जे मोजून ठेवले त्याचा आज खरोखर उपयोग होतो.

कर्टिसने तर त्या सफरीनंतर आयुष्याची तीस वर्षे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे फोटो काढण्यात घालवली. १९०७ ते १९३० या काळात त्याच्या ग्रंथाचे २० खंड निघाले. ही माणसे लवकरच नाहीशी होणार, त्याआधी त्यांना टिपून ठेवावे, अशी त्याची समजूत होती. केप फॉक्सचे खांब उचलणाऱ्यांचीही समजूत हीच असावी. सदिच्छेने केलेल्या लुटीचा हा जुना युक्तिवाद आहे : आम्ही नेले म्हणून वाचले. लाकूड वाचले हे खरेच. त्या ओल्या हवेत उभा खांब काही पिढ्यांत कुजतो. पण कुजलेल्या खांबाच्या जागी नवा कोरून मेजवानी घालणे हीच तर तिथली रीत. आणि नाहीशी होणार म्हटलेली माणसे सॅक्समनमध्ये नांदत होती, कोणत्या कुळाचा खांब कुठे उभा होता हे मुलांना सांगत होती.

१९९० साली अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांनी मूळ रहिवाशांच्या अस्थी, पवित्र वस्तू आणि कुळाच्या सामाईक मालकीच्या वस्तूंची यादी करावी, आणि हक्कदार मागतील तर परत द्याव्या. केप फॉक्सच्या लोकांनी मागणी केली. कागदपत्रे तपासली गेली. यात त्यांच्या बाजूचा मोठा पुरावा म्हणजे त्या सफरीचीच छायाचित्रे : कोणता खांब कोणत्या घरासमोर होता ते त्यांत स्वच्छ दिसते.

जुलै २००१ मध्ये स्मिथ कॉलेजच्या थॉमस लिटविन यांनी हॅरिमन यांच्या मार्गाने पुन्हा एक सफर काढली, 'क्लिपर ओडिसी' या बोटीतून. पुन्हा शास्त्रज्ञ, चित्रकार, लेखक. या वेळी अलास्कातले मूळ रहिवासीही बरोबर होते. १८९९ मध्ये जे ठिकाण शेवटी आले होते ते या वेळी सुरुवातीला घेतले. पाच संस्थांनी आपल्याकडचे खांब आणि इतर वस्तू परत केल्या. सान्या क्वान लोकांनी गाणी, नृत्य आणि भाषणांनी त्यांचे स्वागत केले. म्हाताऱ्या बायका खांबांना हात लावून रडल्या.

केप फॉक्सच्या लोकांनी खांब नुसते परत घेतले नाहीत. ज्यांनी दिले त्यांना उलट सीडरचे ओंडके पाठवले. पीबडीला गेलेल्या ओंडक्यातून नेथन जॅक्सन या त्लिंगित कारागिराने आपल्या मुलासह नवा खांब कोरला, आणि २००१ मध्येच तो हार्वर्डमध्ये उभा राहिला.