तारमास्तर ते सिग्नल

१८८५ चा टेलिग्राफ कायदा इंग्रजांनी केला, तेव्हा तार चोरून वाचायची गरजच नव्हती. तारमास्तर ती आधीच वाचायचा! पुढे फोन आले, टॅपिंग आलं. १९९६ मध्ये पीयूसीएलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याला लगाम घातला, पण मधल्या माणसाचा कान शाबूत राहिला.

२०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलवाल्यांना समन्स आलं. त्यांनी काय दिलं? खातं कधी उघडलं, शेवटचं कधी जोडलं गेलं. बस्स. बाकी त्यांच्याकडे नव्हतंच.

२०२१ मध्ये आपल्या सरकारचा नियम आला: आदेश मिळाला की मेसेज मुळात कुणी पाठवला ते सांगा. व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. एकाला शोधायला सगळ्यांच्याच मेसेजवर खूण ठेवावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. कंपनीवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे पटतं.