स्वस्तातील पकड : मोटारीच्या डिफरन्शियल लॉकरचा इतिहास आणि निवडीचा प्रश्न

प्रस्तावना

यंत्रांच्या इतिहासात शोध आणि संशोधक यांना जे स्थान मिळते, ते ग्राहकाला सहसा मिळत नाही. एखादे साधन कोणी निर्माण केले याची नोंद होते. परंतु ते परवडावे म्हणून सामान्य वाहनधारकाने कोणती तडजोड पत्करली, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. आडवाटेने जाणाऱ्या मोटारींच्या ॲक्सलमध्ये बसवले जाणारे लॉकर हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय. चिखलात रुतलेल्या गाडीचे एक चाक जागच्या जागी गरगरते आणि दुसरे, कोरड्या जमिनीवर असूनही, निश्चल राहते, हे दृश्य सर्वपरिचित आहे. त्यावरील उपाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उपलब्ध आहे; तथापि तो स्वस्तात कसा मिळवावा, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. प्रस्तुत लेखात या उपायाच्या वाटचालीचा मागोवा घेतला असून, स्वस्त लॉकरमुळे खर्च नाहीसा होत नाही, तो केवळ दुसरीकडे सरकतो, असे प्रतिपादन केले आहे.

डिफरन्शियल : एक सोय आणि तिची किंमत

लॉकर समजून घेण्यासाठी आधी डिफरन्शियल समजून घेणे आवश्यक आहे. गाडी वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन चाकांमधील अंतर १.२५ मीटर असेल, तर एका पूर्ण वर्तुळात बाहेरचे चाक सुमारे ७.८५ मीटर जास्त धावते. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर जखडली असतील, तर हा फरक टायर घासूनच भरून काढावा लागेल.

या अडचणीवर पॅरिस येथील ओनेझिफोर पेकेर याने वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी डिफरन्शियलची रचना केली व १८२८ साली तिचे पेटंट त्याला मिळाले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जेम्स स्टार्ली याने तीनचाकी सायकलीत हीच कल्पना वापरली. मोटारगाडीचा जन्म झाला तेव्हा ही रचना तयारच होती आणि ती मोटारीचा अविभाज्य भाग बनली.

तथापि या सोयीची एक किंमत होती. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, देते. एक चाक चिखलात असून ते केवळ दहा एकक टॉर्क पेलू शकत असेल, तर कोरड्या जमिनीवरील चाकालाही दहाच एकक मिळतात. ते शंभर पेलू शकत असले, तरी त्याचा उपयोग होत नाही. सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाकडे जाते, हा रूढ समज म्हणूनच अपुरा आहे. वास्तविक दुबळे चाक सबळ चाकाला आपल्या पातळीवर खाली खेचते. लॉकर दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरण्यास भाग पाडतो आणि ज्या चाकाला पकड आहे, त्याला तिच्या प्रमाणात ताकद मिळते.

स्पर्धा आणि युद्ध

डिफरन्शियलच्या या दोषाकडे प्रथम गांभीर्याने पाहिले गेले ते जेथे पैशाची चणचण नव्हती अशा क्षेत्रांत. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांचे इंजिन इतके शक्तिशाली होते, की वेगात असतानाही एक मागचे चाक घसरत असे. फर्डिनांड पोर्श यांच्या सांगण्यावरून झेडएफ या जर्मन कंपनीने १९३५ च्या सुमारास मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल तयार केले.

दुसऱ्या महायुद्धात एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे समोर आली. अमेरिकेच्या विलिस व फोर्ड कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. या जीपला चारही चाकांची चालना होती. पण दोन्ही ॲक्सलमधील डिफरन्शियल साधी होती. प्रत्येक ॲक्सलचे एक चाक घसरले की चारचाकी चालना असूनही गाडी थांबे. याउलट जर्मन सैन्याच्या क्युबेलवागनला केवळ मागच्या दोन चाकांची चालना होती. परंतु ती वजनाने हलकी होती आणि तिच्या मागच्या ॲक्सलमध्ये झेडएफचे आपोआप आवळणारे डिफरन्शियल होते. जीपने पैसा चारचाकी चालनेवर खर्च केला, क्युबेलवागनने तो हलकेपणावर व डिफरन्शियलवर केला. मर्यादित साधनांत पकड कोठून मिळवावी, या प्रश्नाला एकच उत्तर नसते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

याच काळात अमेरिकेत थॉर्नटन यांच्या 'नोस्पिन' डिफरन्शियलचा लष्करी वाहनांत वापर झाला. पुढे तेच 'डेट्रॉइट लॉकर' या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात दातेरी क्लच असतात. सरळ जाताना दोन्ही चाके जखडलेली राहतात आणि वळताना बाहेरच्या चाकाची बाजू 'कट्‌कट्' आवाज करीत सुटते. चालकाला काहीही करावे लागत नाही. मात्र केव्हा सोडावे हा निर्णयही त्याच्या हाती राहत नाही.

युद्धोत्तर जीप आणि काटकसरीची परंपरा

युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या जीप सामान्य अमेरिकी नागरिकाच्या हाती आल्या आणि येथूनच काटकसरीचा इतिहास सुरू होतो. या जीप रस्त्यावर चालवताना पुढची चाके ॲक्सलची सारी यंत्रणा विनाकारण फिरवत. त्यावर उपाय म्हणून वॉर्न कंपनीने १९४८ पासून सिॲटल येथे पुढच्या चाकांचे मोकळे करता येणारे हब बनवण्यास आरंभ केला. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील रुबिकॉन या खडकाळ वाटेवर पहिला जीप मेळावा भरला. खडकांवरून जाताना चाके हवेत उचलली जात व साध्या डिफरन्शियलची उणीव पदोपदी जाणवे.

ज्यांना डेट्रॉइट लॉकर परवडत नव्हता, त्यांनी डिफरन्शियलच्या आतील दाते सरळ वेल्डिंगने एकजीव केले. वेल्डिंग यंत्रांच्या एका प्रसिद्ध नाममुद्रेवरून या प्रकाराला गमतीने 'लिंकन लॉकर' म्हटले जाऊ लागले. खर्च जवळजवळ शून्य. परंतु वर उल्लेखिलेला ७.८५ मीटरचा फरक आता टायर व हाफ शाफ्ट यांनी भरून द्यायचा होता. वेल्डचा तुकडा सुटल्यास क्राऊन व पिनियनही निकामी होण्याचा धोका असे.

यानंतरची पायरी म्हणजे 'लंचबॉक्स लॉकर' या नावाने ओळखला जाणारा प्रकार. यात मूळ केज तशीच ठेवून फक्त आतील छोटे गिअर काढले जातात व त्यांच्या जागी दातेरी क्लचचा संच बसवला जातो. क्राऊन-पिनियनची जुळणी बहुधा हलवावी लागत नाही, त्यामुळे मजुरीतील सर्वांत मोठा भाग वाचतो. तथापि मूळ केज कमकुवत असेल तर ती तशीच राहते, ही गोष्ट जाहिरातीत सहसा ठळकपणे येत नाही.

लॉक कोणाच्या हाती?

दुसरी परंपरा निर्णय चालकाकडे देणारी होती. जर्मनीत १९४८ पासून निर्माण होऊ लागलेल्या 'युनिमोग' या शेतीच्या वाहनात पुढील व मागील दोन्ही ॲक्सलना चालकाने लावावयाचे लॉक होते. १९७९ च्या मर्सिडीज जी-श्रेणीतही अशी सोय देण्यात आली. ऑस्ट्रेलियात 'रॉबर्ट्स डिफ-लॉक' ही हवेच्या दाबावर चालणारी रचना पुढे आली. एआरबी कंपनीने १९८७ मध्ये ती विकत घेतली व 'एअर लॉकर' म्हणून जगभर नेली. एरवी हे डिफरन्शियल साधेच असते. कळ दाबली की हवेच्या दाबाने ते जखडते. यासाठी कॉम्प्रेसर, नळ्या व सील लागतात, केज बदलावी लागते आणि कुशल कारागीराकडून जुळणी करून घ्यावी लागते.

या दोन टोकांच्या मधला मार्गही शोधला गेला. व्हर्नन ग्लीझमन यांनी १९५८ मध्ये पेटंट घेतलेले दातेरी डिफरन्शियल पुढे 'टॉर्सन' म्हणून विख्यात झाले. ते पकड असलेल्या चाकाला काही पट अधिक टॉर्क देते. परंतु एक चाक हवेत उचलले गेले, तर शून्याची कितीही पट शून्यच राहते. ईटन कंपनीने १९७३ मध्ये आणलेले यांत्रिक लॉक दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडताच आपोआप लागते. अखेर २००३ च्या जीप रँग्लर 'रुबिकॉन'मध्ये दोन्ही ॲक्सलचे लॉकर कारखान्यातूनच बसवून आले. ज्या वाटेवर हौशी मंडळींनी स्वतःच्या हातांनी प्रयोग केले, तिचेच नाव पन्नास वर्षांनी महागड्या गाडीला मिळाले.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात या साधनाची पहिली व्यापक ओळख जीपमुळे नव्हे, तर ट्रॅक्टरमुळे झाली. भातखाचरात चिखलणी करताना एक चाक फिरू लागले की टाचेने डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबणे, हे ट्रॅक्टरचालकाच्या अंगवळणी पडलेले असते. वळण्यापूर्वी पाय काढावा, हा धडाही त्याला कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. दोन मागच्या चाकांना स्वतंत्र ब्रेक असल्याने घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवण्याची युक्तीही तो जाणतो.

विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास मुंबईत सुरू केली व त्या वंशातील गाड्या अनेक दशके साध्या डिफरन्शियलवर चालल्या. पुण्याच्या फोर्स मोटर्सने २०१३ मध्ये विक्रीस आणलेल्या 'गुरखा'त दोन्ही ॲक्सलना चालकाने लावायचे लॉक मिळाले. तर २०१५ च्या 'थार'मध्ये मागच्या ॲक्सलसाठी यांत्रिक लॉकचा पर्याय आला. जुनी जीप बाळगणाऱ्यापुढे मात्र बाहेरून लॉकर बसवण्याचाच मार्ग उरतो आणि त्याच्यासाठी निवडीचा प्रश्न खरा ठरतो.

अल्पखर्ची निवडीचे निकष

या निवडीत एक गोष्ट निर्णायक आहे. आडवाटेवर गेलेली गाडी त्याच दिवशी पावसात भिजलेल्या घाटरस्त्याने घरी परततही असते. छोट्या व हलक्या जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये स्वयंचलित लॉकर असेल आणि ओल्या वळणावर चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, तर दोन्ही मागची चाके एकदम घसरून गाडीचा मागचा भाग दरीकडे सरकू शकतो. आडव्या उतारावरही हेच घडते. साध्या ॲक्सलचे एक चाक निदान धरून राहते, जखडलेल्या ॲक्सलची दोन्ही चाके सोबत निसटतात. स्वस्त लॉकरची किंमत अशा वेळी पैशांत मोजता येत नाही.

यावरून पुढील निकष मांडता येतात. वेल्ड केलेले डिफरन्शियल केवळ सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या गाडीसाठीच योग्य होय. लंचबॉक्स लॉकर मध्यम आकाराचे टायर व सुस्थितीतील केज असलेल्या गाडीला चालतो. मात्र चालकाने वळणावर पाय हलका ठेवण्याची सवय लावून घेतली पाहिजे. मोकळे होणारे हब असलेल्या पुढच्या ॲक्सलमध्ये तो रस्त्यावर त्रासदायक ठरत नाही. परंतु चारचाकी चालना लावताच स्टिअरिंग जड होते. रोजच्या वापराच्या गाडीत दोन्ही ॲक्सलना स्वस्त स्वयंचलित लॉकर बसवण्यापेक्षा केवळ मागच्या ॲक्सलला चालकाच्या ताब्यातील एकच लॉकर बसवणे अधिक श्रेयस्कर ठरते. तसेच एका चाकावर पूर्वीपेक्षा अधिक टॉर्क येणार असल्याने हाफ शाफ्टची स्थिती खरेदीपूर्वीच तपासणे अगत्याचे आहे. तो आडवाटेवर तुटला, तर वाचवलेली रक्कम गाडी ओढून आणण्यातच खर्ची पडते. टायर झिजलेले असतील, तर लॉकरच्या आधी टायर बदलावेत. कारण लॉकर असलेली पकड वाटतो, नसलेली निर्माण करीत नाही.

समारोप

पेकेरच्या पेटंटपासून आजपर्यंतचा हा प्रवास पाहता असे दिसते, की प्रत्येक पिढीने एकाच फरकाची किंमत वेगवेगळ्या खात्यांत टाकली. शर्यतीच्या संघांनी ती पैशांत चुकवली, वेल्डिंग करणाऱ्याने टायर व शाफ्टमध्ये, तर लंचबॉक्स लॉकर बसवणाऱ्याने रस्त्यावरील सहजतेत व स्वतःच्या सावधपणात. म्हणून अल्प खर्चात लॉकर निवडणे म्हणजे सर्वांत कमी किमतीची वस्तू शोधणे नव्हे. उरलेली किंमत आपण कोठे व केव्हा चुकवणार आहोत, हे आधी ओळखणे होय. भातखाचरातला ट्रॅक्टरचालक वळण्यापूर्वी पेडलवरून टाच उचलतो, तेव्हा तो हाच हिशेब करीत असतो.