नारिंगी शंकूची गोष्ट

पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलांना खरं तर वेगवान नेटवर्क हवं होतं. तिथलं जुनं नेटवर्क गेमसुद्धा धड खेळू देईना. पण ‘गेमसाठी हवंय’ म्हणून पैसे कोण देणार? मग उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून वसतिगृहातल्या संगणकांवर दाखवायचा, असा घाट घातला गेला. 1996 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचं नाव व्हिडिओलॅन. पाहणाऱ्याच्या संगणकावर चालणारा त्याचा भाग म्हणजे ‘व्हिडिओलॅन क्लायंट’, अर्थात व्हीएलसी.

2001 मध्ये संस्थेच्या परवानगीने तो मुक्त परवान्याखाली जगाला खुला झाला.

त्या काळी संगणकावर गाणी ऐकायला 1997 चा विनॅम्प हा प्लेअर लाडका होता. सिनेमाचं मात्र त्रांगडं असे. फाइल उघडावी तर आवाज येई, चित्र नाही. मग योग्य कोडेक, म्हणजे फाइलमधलं चित्र-आवाज उलगडणारा प्रोग्राम, शोधत बसा, आणि त्यासोबत एखादा व्हायरसही पदरात पाडून घ्या! व्हीएलसीने बहुतेक कोडेक पोटातच घेतले होते. शिवाय नेटवर्कवर माहितीचे तुकडे हरवतातच, हे गृहीत धरून तो घडला होता. म्हणून अर्धवट उतरलेली फाइलही तो गोड मानून घेई.

भारतात 2022 मध्ये त्याचं संकेतस्थळ काही महिने बंद होतं. नोव्हेंबरात ते पुन्हा उघडलं.

आणि व्हीएलसीच्या चिन्हातला तो नारिंगी शंकू? विद्यार्थ्यांनी रस्त्यावरून गोळा केलेल्या वाहतूक-शंकूंची ती आठवण. नाताळात त्याच्या डोक्यावर लाल टोपी चढते.